थडग्यात न कुजलेली प्रेते

जानेवारी 1732. सर्बियातल्या मेदवेजा गावात तीन महिन्यांत 17 माणसे दगावली. गावकऱ्यांचा संशय मेलेल्यांवर होता: ते थडग्यातून उठून जिवंतांचे रक्त पितात. मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. लष्करी शल्यवैद्य योहानेस फ्ल्यूकिंगर यांनी थडगी उकरून एकेक प्रेत तपासले. त्यांच्या अहवालाने ‘व्हॅम्पायर’ हा शब्द युरोपभर पोहोचवला.

अहवालातला अर्थ चुकला, पण निरीक्षणे चोख आहेत. मिलिझा ही साठीची बाई पुरून नव्वदहून जास्त दिवस झाले होते. जन्मभर काटकुळी असलेली ही बाई थडग्यात अंगाने भरली कशी, याचे ओळखीच्या शिपायांना नवल वाटले. आतड्यातले जिवाणू मृत्यूनंतर शरीरच पचवू लागतात, वायू साठतो आणि अंग फुगते. त्याच दाबाने फुप्फुसांतला लालसर काळपट द्रव नाकातोंडावाटे बाहेर येतो. ओठांवर ‘रक्त’ दिसते ते हेच.

स्टाना 20 वर्षांची, बाळंतपणात गेलेली, पुरून दोन महिने झालेली. तिच्या हातापायांची कातडी नखांसकट सुटून आली आणि खाली ‘नवी’ कातडी, ‘नवी’ नखे दिसली. कुजताना त्वचेचा वरचा थर सुटतो. हाताचा तर कधीकधी अख्खा मोजासारखा निघतो. खाली उरते ती ओलसर, गुलाबी आतली त्वचा. नख नव्याने उगवलेले नसते, नखाखालचा कोवळा भाग उघडा पडलेला असतो.

आणि किंकाळी? गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार, पाचेक वर्षांपूर्वी अर्नोल्ड पाओले या मेलेल्या गावकऱ्याला उकरून छातीत खुंटी ठोकताच तो विव्हळला होता. छाती दाबली गेली की कोंडलेला वायू स्वरयंत्रातून जोराने बाहेर पडतो, आणि आवाज होतो.

मुळात ही प्रेते टिकली कशी? न्यायवैद्यकातला एक जुना ठोकताळा असा: उघड्यावर 1 आठवड्यात जितके कुजते, तितके कुजायला पाण्यात 2 आणि जमिनीत 8 आठवडे लागतात. त्यात मेदवेजात ऐन हिवाळा होता. काही प्रेते मात्र नेहमीसारखी कुजलेली निघाली, आणि तीही अहवालात प्रामाणिकपणे नोंदली आहेत. ती परत पुरली. बाकीच्यांची मुंडकी तोडून, जाळून राख मोरावा नदीत टाकली.

1755 मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसाचे वैद्य गेरार्ड फान स्वीटेन यांनी अशा प्रकारांची नैसर्गिक कारणे मांडली, आणि तिने थडगी उकरून प्रेते जाळण्यावर बंदी घातली.