ऑफिसातल्या ‘पॉश’ समितीमागची तीन दशके

लिफ्टजवळच्या नोटीस बोर्डावर किंवा पँट्रीच्या दाराशी चार-पाच नावांचा एक कागद चिकटवलेला असतो: ‘अंतर्गत समिती’. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या, म्हणजे ‘पॉश’च्या, कलम १९ नुसार अशा तक्रारींची चौकशी करणारी ही समिती नेमल्याचा आदेश आणि लैंगिक छळाचे दंडात्मक परिणाम ठळक जागी लावणे बंधनकारक आहे, म्हणून तो तिथे असतो. त्यातली दोन नावे बहुधा नोकरी सोडून गेलेली असतात. बहुतेक कंपन्यांत ‘पॉश’ म्हणजे वर्षातून एकदा उरकायचे ऑनलाइन प्रशिक्षण, पण या कागदातली जवळजवळ प्रत्येक तरतूद कुठल्या ना कुठल्या खटल्यातून आलेली आहे.

सुरुवात राजस्थानातल्या भटेरी गावात झाली. भंवरीदेवी ही राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती. बालविवाह रोखणे हा तिच्या कामाचाच भाग होता. एका वर्षाच्याही न झालेल्या मुलीचे लग्न थांबवायचा तिने प्रयत्न केला आणि सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. ते सुटले म्हणून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, असे प्रशिक्षणांत हमखास सांगितले जाते. ते बरोबर नाही, कारण ‘विशाखा’ आणि इतर संघटनांची याचिका १९९२ सालचीच आहे. त्यांनी मागितले होते ते एका गुन्ह्याच्या शिक्षेपलीकडचे होते. बाई कामावर असताना, कामामुळेच तिच्यावर हे ओढवले, तर तिला कामावर ठेवणाऱ्याची जबाबदारी काय, हा त्यांचा प्रश्न होता.

तेव्हा याचे उत्तर कुठल्याच कायद्यात नव्हते. भारतीय दंडविधानातली ३५४ आणि ५०९ ही विनयभंगाची कलमे होती, पण त्यासाठी पोलीस ठाणे आणि फौजदारी न्यायालय गाठावे लागे. ऑफिसच्या आतल्या वागणुकीबद्दल ऑफिसने काय करायचे, यावर कायदा गप्प होता.

१३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. कृपाल यांच्या पीठाने विशाखा निकाल दिला. सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. भारताने १९९३ मध्ये मान्यता दिलेल्या ‘सीडॉ’ या, महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि संसद कायदा करीपर्यंत हाच कायदा समजा, असे सांगितले. आजच्या समितीचा सांगाडा त्यातच आहे: अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी महिला चालणार नाहीत, आणि वरिष्ठांचा दबाव येऊ नये म्हणून बाहेरची एक व्यक्ती. छळाची पाच रूपेही तिथलीच: अंगचटीला जाणे, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रे-चित्रफिती दाखवणे, आणि लैंगिक स्वरूपाचे इतर कुठलेही नकोसे वर्तन, मग ते शब्दांतून असो, स्पर्शातून असो वा नुसत्या हावभावातून. प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असे नाही, हे १९९९ मध्ये वस्त्रनिर्यात क्षेत्रातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले.

यापुढची सोळा वर्षे मात्र रेंगाळण्यात गेली. या काळातला एक धागा पुण्याचा आहे. ‘आलोचना’ या संस्थेच्या डॉ. मेधा कोतवाल लेले यांनी विशाखा तत्त्वे पाळली जात नसल्याचे पत्र सर्वोच्च न्यायालयाला लिहिले आणि न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतले. २००४ च्या आदेशाने एक महत्त्वाची गाठ सुटली: तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा. तोवर समितीपुढे एकदा आणि विभागीय चौकशीत पुन्हा, अशी तीच साक्ष दोनदा देण्याची पाळी बाईवर येत असे. ऑक्टोबर २०१२ च्या अंतिम निकालातही ज्या राज्यांनी सेवा नियम बदलले नव्हते, त्यांना दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली. विशाखाला तेव्हा पंधरा वर्षे उलटून गेली होती.

संसदेत २०१० मध्ये मांडलेल्या विधेयकात घरकामगार महिलांचा समावेश नव्हता; तो नंतर झाला. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष विशाखा निकालाचेच वर्मा होते, आणि त्यांनी अंतर्गत समितीच्या कल्पनेवरच आक्षेप घेतला. घरातल्याच माणसांनी घरातल्यांची चौकशी करण्याऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, असे त्यांच्या समितीने सुचवले. ते मानले गेले नाही. कायदा २०१३ मध्ये संमत झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. आज समित्यांबद्दलच्या निम्म्या तक्रारींचे मूळ या नाकारलेल्या सूचनेत आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

बाहेरच्या सदस्याचेच बघा. समितीची सगळी स्वतंत्रता या एका खुर्चीवर टांगलेली आहे, आणि नियमांनी त्या व्यक्तीला भत्ता ठरवला आहे दिवसाला २०० रुपये, वर प्रवासखर्च. म्हणून मग ओळखीतला सल्लागार किंवा कंपनीचेच काम करणारा वकील बसवला जातो. २०२० मध्ये एका सरकारी बँकेतल्या महिला अधिकाऱ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. शाखेतल्या गैरव्यवहाराबद्दल तिने वर कळवले होते, वरिष्ठाविरुद्ध छळाची तक्रारही होती, आणि तिची दूरवर बदली झाली. समितीतली ‘स्वतंत्र’ सदस्य बँकेच्याच पॅनेलवरची वकील निघाली. न्यायालयाने या गोष्टीची दखल घेतली आणि बदली रद्द ठरली.

दुसरी घसरण प्रक्रियेत होते, आणि ती नेहमी बदमाशीनेच होते असे नाही, घाईनेही होते. तक्रार लेखी हवी आणि घटनेपासून तीन महिन्यांत. घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण ते कारण लिहून ठेवावे लागते. तक्रारीच्या सहा प्रती घ्यायच्या, ज्याच्यावर तक्रार आहे त्याला सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत द्यायची, त्याला उत्तराला दहा कामकाजाचे दिवस. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत, आणि दोन्ही बाजूंना वकील नाही. चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि त्यावर कंपनीने साठ दिवसांत पाऊल उचलायचे. चौकशीदरम्यान बाईने लेखी मागितल्यास बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून कापायची नसते. ती कापली जाते, हे वेगळे सांगायला नको.

यातली एक पायरी गाळली की काय होते, हे गोव्यात दिसले. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखावर २००९ मध्ये विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. समितीने मे महिन्यात एकामागून एक बैठका लावल्या, त्याने प्रकृतीच्या कारणावरून मागितलेली मुदत नाकारली आणि एकतर्फी अहवाल दिला. त्याला बडतर्फ केले गेले, उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक न्याय डावलला म्हणून सगळे रद्द केले आणि चौकशी २००९ च्या मे महिन्यात जिथे होती तिथून पुन्हा सुरू करायला सांगितले. चौदा वर्षांनी! तक्रार खरी की खोटी यावर न्यायालयाने काहीच म्हटले नाही. समितीने काही आठवडे वाचवले आणि तक्रारदारांच्या वाट्याला आली ही इतकी वर्षे. उलटतपासणीचा हक्क नाकारू नये, पण समोरासमोर बसवायचे नसेल तर प्रश्न लेखी घेऊन समितीमार्फत विचारता येतात, हा मधला मार्ग अशा वेळी उपयोगी पडतो.

सामोपचाराचेही तसेच. कलम १० खाली समेट होऊ शकतो, पण फक्त तक्रारदार बाईने स्वतः मागितला तर, आणि पैशाच्या मोबदल्यावर मुळीच नाही. एचआरच्या माणसाने केबिनमध्ये बोलावून ‘बघा ना, आपसात मिटतंय का’ म्हणणे म्हणजे समेट नव्हे; कायद्यात त्याला जागाच नाही. खोट्या तक्रारीबद्दलचे कलम १४ तर नको तितके पुढे केले जाते. ते लागू होण्यासाठी तक्रार दुष्ट हेतूने केल्याचे चौकशीतून सिद्ध व्हावे लागते. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. पण प्रशिक्षणाच्या स्लाइडवर ते वाक्य बहुधा येत नाही.

गोपनीयतेबाबत सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी अशा खटल्यांत नावे न छापण्याची कडक पद्धत घालून दिली. ऑफिसात मात्र चहाच्या टेबलावर सगळ्यांना सगळे कळलेले असते.

गोव्याच्याच प्रकरणात न्यायालयाने देशभरातल्या समित्यांची झाडाझडती सुरू केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. हा अधिकारी कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. समितीचा वार्षिक अहवाल त्याच्याकडे जातो, तोही कॅलेंडर वर्षाचा; मार्चअखेरचे आकडे पाठवणाऱ्या कंपन्या इथे चुकतात. अधिकारीच नेमलेला नसेल तर तो अहवाल वाचणार कोण? जुलै २०२५ पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि नव्वद दिवसांवर किती रखडल्या, हे तीन आकडे द्यावे लागतात. तिसरा आकडा आधी कुणी मागतच नव्हते.

दहाहून कमी माणसे असलेली दुकाने, दवाखाने, कारखाने आणि घरकाम यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तालुक्याला किंवा शहरात वॉर्डाला एक नोडल अधिकारी असतो. तक्रार त्याच्याकडे द्यायची आणि त्याने सात दिवसांत समितीकडे पोचवायची. मालकाविरुद्धची तक्रारही इथेच येते. घरकामगार बाईच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर स्थानिक समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते. ऑफिसातल्या बाईला आधी समिती आणि हवे तर पोलीस, अशी निवड आहे. घरकाम करणाऱ्या बाईचे प्रकरण मात्र थेट पोलिसांच्या दारात जाते, आणि हातची चार घरे जातील या धास्तीने तिथवर जायची तिची तयारी असतेच असे नाही.