कॅमेऱ्याची बाहुली

जानेवारीतला रविवार होता. पुण्याजवळच्या कवडीपाटला नदीवरचं धुकं नुकतंच विरत होतं आणि पलीकडच्या काठाजवळ चक्रवाकांची सात-आठ जोडपी पाण्यावर तरंगत होती. शेजारी कॉलेजातला एक मुलगा येऊन उभा राहिला. माझ्या ट्रायपॉडवरची लांबलचक लेन्स न्याहाळून म्हणाला, “काका, हा किती एक्सचा आहे?”

“अडीच.”

त्याचा विश्वास बसेना. त्याच्या गळ्यात जो सुपरझूम, म्हणजे लांब झूमची लेन्स कायमची जोडलेला कॅमेरा होता, तो होता ८३ एक्सचा, निकॉनचा पी-९००. मित्र त्याला सांगत होते की हा खेळण्यातला कॅमेरा आहे, विकून टाक आणि डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा आरशाचा कॅमेरा घे. विकू का, हे त्याला विचारायचं होतं. हाच प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतं. पाषाण तलावावर विचारतात, सिंहगड व्हॅलीत विचारतात, सोसायटीच्या जिन्यात विचारतात. प्रत्येक वेळी संभाषण त्या एक्सपाशी अडतं, म्हणून आधी तो बाजूला करू.

झूमपुढचा एक्स म्हणजे एक भागाकार. लेन्सचं सर्वांत मोठं नाभीय अंतर (फोकल लेंथ; ते जितकं मोठं तितकी लांबची वस्तू मोठी दिसते) भागिले सर्वांत लहान नाभीय अंतर, बस्स. पी-९०० ची लेन्स ४.३ ते ३५७ मिलिमीटरची आहे. ३५७ ला ४.३ ने भागलं की ८३ येतात. माझी लेन्स २०० ते ५०० मिलिमीटरची, म्हणून अडीच. ६०० मिलिमीटरची जी भलीमोठी स्थिर लेन्स जंगलात व्यावसायिक छायाचित्रकार खांद्यावरून वाहतात, तिचा एक्स येतो १. एक्सवरून एवढंच कळतं की लेन्स किती ताणते. लांबचा पक्षी किती स्पष्ट दिसेल, याबद्दल तो आकडा अवाक्षर बोलत नाही. दुकानात मात्र खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत तोच छापलेला असतो, याचा मला मनापासून राग येतो.

मग बघायचं काय? बाहुली.

डोळ्याच्या मधोमध जे काळं गोल छिद्र दिसतं त्याला आपण बाहुली म्हणतो. लख्ख उन्हात ती दोन-तीन मिलिमीटरची असते, काळोखात तरुण माणसाची सात मिलिमीटरपर्यंत उघडते. लेन्सलाही बाहुली असते. लेन्समध्ये समोरून डोकावलं की आत जो गोल झरोका दिसतो, तीच ती. तिचा व्यास काढायला पट्टी लागत नाही, कारण लेन्सच्या कडेवर दोन्ही आकडे कोरलेले असतात. नाभीय अंतराला एफ नंबरने, म्हणजे लेन्स किती उघडते ते सांगणाऱ्या आकड्याने भागायचं.

आता कवडीच्या काठाकडे परत येऊ. चक्रवाकाच्या नारिंगी पिसांवरून उसळलेला प्रकाश चहूबाजूंना जातो आणि आपल्या काठावर पावसासारखा पडत राहतो. काठावरचा प्रत्येक जण आपापलं भांडं धरून उभा आहे. कुणाच्या भांड्यात किती थेंब पडणार, ते भांड्याच्या तोंडावर ठरतं. कॅमेऱ्याचं हे तोंड म्हणजे बाहुली.

थेंब कमी पडले तर काय बिघडतं? पहिल्या सरीचे टपोरे थेंब पडत असताना अंगणात दोन सारखी घमेली शेजारी शेजारी ठेवा आणि मिनिटभर थेंब मोजा. आकडे सारखे येणार नाहीत. एकात १०० पडले तर दुसऱ्यात ९२ असतील, नाहीतर १०७. प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, असेच बेहिशेबी येतात, आणि त्यांच्या संख्येतला चढउतार साधारण संख्येच्या वर्गमूळाएवढा असतो. १०० फोटॉन आले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. १०,००० आले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त एक टक्का. कमी उजेडातल्या फोटोवर जे दाणे दिसतात त्यांतले बरेचसे या चढउताराचे असतात. ते प्रकाशाच्या स्वभावातच आहेत. प्रकाश टिपणारा कितीही महागडा सेन्सर आणला तरी ते जात नाहीत, जास्त थेंब गोळा करणं हा एकच उपाय आहे.

मी त्या मुलाला तिथेच आकडे मांडून दाखवले. त्याचा कॅमेरा पूर्ण झूमला ३५७ मिलिमीटर, एफ ६.५. बाहुली ५५ मिलिमीटर. आता मित्र म्हणतात तसा डीएसएलआर घेतला, तर पहिली लांब पल्ल्याची लेन्स बहुतेकांच्या हाती येते ती ७०-३००, एफ ४.५-६.३ ची. ३०० भागिले ६.३, म्हणजे सुमारे ४८ मिलिमीटर. बाहुली लहान झाली! क्षेत्रफळाच्या हिशेबाने चक्रवाकाकडून येणारा प्रकाश त्याच्या ‘खेळण्यात’ तिसऱ्या हिश्शाने जास्त पडतो. २०१८ साली आलेल्या पी-१००० ची बाहुली ६७ मिलिमीटरची आहे, म्हणजे या ७०-३०० च्या दुप्पट प्रकाश. माझ्या २००-५०० ची ८९, पण त्या लेन्सचंच वजन दोन किलोच्या पुढे जातं, वर बॉडी आणि ट्रायपॉड.

इथे जाणकार वाचक सेन्सरचा मुद्दा काढतील. या सुपरझूमचा सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, हाताच्या करंगळीच्या नखाहून लहान. नेहमीच्या डीएसएलआरचा सुमारे २३.५ बाय १५.६, क्षेत्रफळात तेरापट. मग मोठा सेन्सर हरतो कसा? कारण ३०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलेला लांबचा चक्रवाक त्या मोठ्या सेन्सरच्या जेमतेम एका कोपऱ्याएवढ्या जागेत मावतो. बाकीच्या सेन्सरवर पाणीच पाणी. ते पाणी आपण घरी जाऊन कापून टाकतो, आणि मोठ्या सेन्सरचे पैसे त्याच्याबरोबर कापले जातात.

प्रकाश किती, हे झालं. बाहुलीचं दुसरं काम मला त्याहून सुंदर वाटतं. त्यासाठी विवर्तनाकडे जावं लागेल, थोडा धीर धरा.

प्रकाश ही लाट आहे, आणि कुठल्याही छिद्रातून जाताना लाट थोडी पसरते. त्यामुळे अगदी निर्दोष भिंगानेही बिंदूची प्रतिमा बिंदू म्हणून उमटत नाही, एक लहानशी चकती उमटते आणि तिच्याभोवती फिकट कडी. या चकतीचं गणित जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये मांडलं. चकतीचा व्यास म्हणजे २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले एफ नंबर. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली तर एफ ६.५ ला चकती येते ८.७ मायक्रॉनची. पी-९०० चा एकेक पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा आहे. म्हणजे एकेका बिंदूची चकती सहा-साडेसहा पिक्सेलवर पसरते! सोळा मेगापिक्सेल आहेत खरे, पण पूर्ण झूमला त्यांतले बहुतेक एकाच चकतीची वाटणी करून घेत असतात.

हेच कोनात मोजलं की एफ नंबर आणि पिक्सेल दोन्ही गळून पडतात. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले बाहुलीचा व्यास एवढा कोन हवा. साठ मीटरवरचा चक्रवाक घ्या, चोचीपासून शेपटीपर्यंत साठ सेंटिमीटर. ५५ मिलिमीटरच्या बाहुलीला त्या लांबीत एकमेकांपासून वेगळे असे सुमारे ८२० बिंदू दिसू शकतात. ४८ च्या बाहुलीला सुमारे ७१०. सुपरझूम तो पक्षी साडेसव्वीसशे पिक्सेलवर पसरून दाखवतो, म्हणून पडद्यावर मोठा दिसतो, पण त्यातला तपशील ८२० चाच. पिसाची कडा मऊ दिसते ती त्यामुळे. दोन बाहुल्यांतला खरा फरक ८२० आणि ७१० एवढाच आहे, ८३ एक्स आणि ४ एक्स एवढा नाही.

हाच नियम आपल्या जिल्ह्यात फार मोठ्या मापावर पाहायला मिळतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. केवढी प्रचंड बाहुली! पण रेडिओ लहरींची लांबी मायक्रॉनमध्ये नसते, मीटरच्या घरात जाते. एक मीटरच्या लहरीसाठी तोच भागाकार केला तर एकट्या तबकडीची नजर दीड अंशापर्यंतच पोचते. आकाशात तीन पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर तेवढी रुंदी होईल. आपल्या साध्या डोळ्याची नजर याहून कितीतरी तीक्ष्ण असते. म्हणून तर त्या तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरल्या आणि सगळ्यांचे संदेश एकत्र जोडून तेवढ्या रुंदीच्या बाहुलीचं काम काढून घेतलं. खोडदला जाऊन आल्यापासून कुठलीही लेन्स हातात घेतली की मी आधी तिची बाहुली बघतो.

लहान सेन्सरची युक्तीही आता स्पष्ट होईल. पी-१००० वर ‘३००० मिलिमीटर’ असं लिहितात ते जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने. खरं अंतर ५३९. फिल्मएवढ्या सेन्सरसाठी खरोखरची ३००० मिलिमीटर, एफ ८ ची लेन्स घडवायची तर बाहुली ३७५ मिलिमीटरची लागेल. परातीएवढी काच गळ्यात कोण घालणार?

आता याच कॅमेऱ्याचं दुसरं टोक बघा. झूम पूर्ण आत घेतला की अंतर ४.३ आणि एफ २.८. भागाकार दीड मिलिमीटर. उन्हातल्या आपल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा लहान! डीएसएलआरबरोबर मिळणाऱ्या १८-५५ लेन्सची रुंद टोकाला पाच मिलिमीटर, म्हणजे अकरापट प्रकाश. ३५ मिलिमीटर, एफ १.८ अशी छोटी स्थिर लेन्स घेतली तर १९. बऱ्यापैकी फोनची मुख्य लेन्ससुद्धा इथे सुपरझूमला मागे टाकते. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर ढोलपथकाचे टिपरू हवेत असताना फोटो काढायचा असेल, घरच्या बारशात खोलीतल्या एका दिव्यावर काढायचा असेल, तर सुपरझूम पाखरांसाठी राखून ठेवावा.

याच बारीक बाहुलीतून एक भूत जन्माला आलं आहे. शनिवारवाड्यापाशी अमावास्येच्या रात्री काढलेले फोटो फिरत असतात, त्यांत हवेत तरंगणारे पांढरट गोळे दिसतात. मग १७७३ सालचा नारायणराव पेशव्यांचा खून, ‘काका मला वाचवा’, आणि तो आत्मा. त्या गोळ्यांना आत्मा म्हणणाऱ्यांनी घरी एक प्रयोग करावा. दिवे घालवा, गादीवरची चादर जोरात झटका आणि छोट्या कॅमेऱ्याने फ्लॅश मारून फोटो काढा. गोळेच गोळे येतील. लेन्सपासून बोटभर अंतरावर तरंगणारा धुळीचा कण, लेन्सला खेटून बसलेला फ्लॅश, आणि फोकसच्या बाहेर राहिलेला तो कण. कणाची धूसर प्रतिमा बाहुलीचाच आकार घेते, म्हणून गोळा वाटोळा असतो. बाहुली मोठी असेल तर तोच कण इतका पसरतो की मागच्या दृश्यात विरून जातो. एका अठरा वर्षांच्या मुलाच्या निर्घृण हत्येवर धुळीचे गोळे चिकटवून लोकांना घाबरवायचं, हे मला अजिबात सहन होत नाही.

डीएसएलआरच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, ती म्हणजे फोकस. त्यातला आरसा थोडा प्रकाश खालच्या वेगळ्या सेन्सरकडे पाठवतो. तो सेन्सर बाहुलीच्या दोन कडांतून आलेल्या प्रतिमा ताडून पाहतो, आणि फोकस कुठल्या दिशेने किती सरकवायचा ते एका फटक्यात सांगतो. पी-९०० सारखा सुपरझूम पुढे-मागे चाचपडत फोकस शोधतो. बसलेल्या खंड्याला ते चालतं. भिगवणला अग्निपंखांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा उठला की तेवढ्यात सगळं संपलेलं असतं. आता कॅनन आणि निकॉन दोघांचंही सगळं लक्ष बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे आहे आणि त्यांत हेच काम मुख्य सेन्सरवरच होतं. पण त्यामुळेच जुने डीएसएलआर बाजारात स्वस्त मिळायला लागले आहेत.

सव्वानऊ वाजले तशी पाण्यावरची हवा तापून हलायला लागली आणि चक्रवाक पडद्यावर उकळल्यासारखे दिसू लागले. यापुढे ना त्याचा कॅमेरा कामाचा होता ना माझा. सामान आवरताना त्याने लेन्सच्या कडेवरचे आकडे वाचून फोनवर भागाकार केला.

“पंचावन्न येतात. मग विकू नको ना?”

“पक्ष्यांसाठी नको. पथकात वगैरे आहेस का?”

तो ताशा वाजवत होता. मी त्याला जुन्या डीएसएलआरची बॉडी आणि ३५ ची एफ १.८ लेन्स सुचवली. घेण्याआधी शटर किती वेळा उडालं आहे तो आकडा बघ, आणि दुकानातच एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढ, म्हणजे सेन्सरवर धूळ बसली असेल तर काळे ठिपके लगेच दिसतील.