‘कथित’ म्हणजे नेमके कोणी सांगितलेले? प्रसिद्ध व्यक्तींच्या बातम्यांची पार्श्वभूमी

सनसनाटी बातमी आणि तिच्यातले झुकते माप यांची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा २०२० सालापासून सुरू होते. कोल्हापूरच्या वाचकाने थोडे मागे जायला हवे, कारण या प्रश्नाचे मूळ रूप याच गावाच्या नावाने गाजलेल्या एका खटल्यात दिसते. करवीर संस्थानच्या तरुण छत्रपतींना कारभाऱ्यांकडून मिळणाऱ्या वागणुकीविषयी पुण्याच्या दोन वृत्तपत्रांनी कडक मजकूर छापला होता आणि त्याला आधार होता तो काही पत्रांचा. ती पत्रे बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही १८८२ साली दोघा तरुण संपादकांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. पुढच्याच वर्षी छत्रपतींचा अहमदनगर येथे मृत्यू झाला. संपादकांना वाटणारी काळजी अनाठायी नव्हती, असे त्यावरून म्हणता येते. परंतु त्यांच्या हातातला कागद खोटा होता, ही गोष्ट त्यामुळे बदलली नाही.

मधली शंभर वर्षे येथे थोडक्यात घेतो. कोल्हापुरात मूकपट तयार होऊ लागले तेव्हा कलावंत मासिक पगारावर कंपनीत कामाला असत, त्यामुळे त्यांच्याविषयी काय बाहेर जायचे यावर कंपनीचीच पकड असे. पुढे चित्रपटसृष्टीचे केंद्र मुंबईत स्थिरावले आणि खाजगी आयुष्यावर चालणारी मासिके आली. आणीबाणीच्या काळात याच मासिकांपैकी अनेकांनी एका आघाडीच्या अभिनेत्यावर बहिष्कार टाकला आणि तो कित्येक वर्षे टिकला. जे छापले जाते त्यावरून कल ओळखता येतो, पण जे छापायचे नाही असे ठरते त्यावरून तो ओळखणे फार अवघड असते, हे त्या प्रकरणातून घेण्यासारखे आहे.

२००३ च्या सुमारास आणखी एक बदल झाला, ज्याकडे मराठी वाचकांचे पुरेसे लक्ष गेले नाही. एका मोठ्या इंग्रजी वृत्तसमूहाने शहरी मनोरंजन पुरवण्यांतील मजकुराची जागा उघडपणे विकायला काढली. पुरवणीच्या नावाखाली अगदी बारीक टायपात ‘प्रसिद्धीपर मजकूर’ अशा अर्थाची एक ओळ असते. ती वाचण्यासाठी पान डोळ्यांजवळ न्यावे लागते. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या तोंडावर नायक-नायिकेच्या ‘जवळिकी’च्या बातम्या का वाढतात, याचे उत्तर बऱ्याचदा त्या एका ओळीत असते. मराठीत २००७-०८ च्या सुमारास चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या आल्या आणि रोज भरावयाचे तास एकदम वाढले. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका ज्येष्ठ अभिनेत्रीचा दुबईतील हॉटेलच्या स्नानगृहात मृत्यू झाला, तेव्हा एका वाहिनीचा प्रतिनिधी स्वतः टबात झोपून प्रात्यक्षिक दाखवीत होता. तेथील यंत्रणेने तो अपघाती बुडून झालेला मृत्यू असल्याचे सांगून प्रकरण बंद केले.

या साऱ्या काळात एका शब्दाने जेवढा घोळ घातला तेवढा दुसऱ्या कशानेही घातला नसेल. तो शब्द म्हणजे ‘कथित’. त्याचा मूळ अर्थ ‘सांगितलेले’ एवढाच. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी मजकुराचे भाषांतर करताना ‘आरोप आहे, पण सिद्ध झालेला नाही’ या अर्थाने तो मराठी वृत्तपत्रांत रुळला आणि रुळताना त्याने सांगणाराच गाळून टाकला. शेजारचा ‘तथाकथित’ हा शब्द वास्तविक निराळा आहे, कारण त्यात बोलणाऱ्याची नापसंती असते. पण बातमी शेवटच्या क्षणी लागत असताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास पडतात. ‘कथित आरोपी’ हा तर निव्वळ वाया गेलेला शब्द आहे, कारण आरोपी म्हणजेच ज्याच्यावर आरोप आहे तो.

तीन मथळ्यांचे तुकडे शेजारी ठेवून पाहावेत : ‘कथित गैरव्यवहार’, ‘कथित प्रेयसी’, ‘कथित विनयभंग’. पहिल्यात शब्द योग्य ठरू शकतो, मात्र पुढच्याच वाक्यात गुन्हा कोठे नोंदला आणि आरोप कोणी केला हे आले पाहिजे. दुसऱ्यात बहुधा असा कोणी सांगणारा नसतोच. बातमी देणारा स्वतःच ते सांगत असतो आणि ‘कथित’ची ढाल पुढे धरतो. तिसऱ्यात सांगणारी स्त्री असते, तिची तक्रार असते, प्रसंगी तिचे नावानिशी निवेदन असते, आणि तरीही त्या एका विशेषणाने तिच्या म्हणण्यावर आधीच शंकेचा शिक्का बसतो. २०१८ मध्ये चित्रपटसृष्टीतील स्त्रिया छळाविषयी उघडपणे बोलू लागल्या तेव्हाच्या बातम्यांत हे वारंवार दिसले. हा शब्द काढला तर वृत्तपत्रानेच निकाल दिल्यासारखे होईल, असा युक्तिवाद संपादकीय टेबलावरची अनुभवी माणसे करतात आणि तो प्रामाणिक आहे. परंतु ‘तक्रारीत म्हटल्यानुसार’ असे लिहिले की तक्रारदाराचे म्हणणे तिच्या नावे राहते आणि आरोपीवरही अन्याय होत नाही. दोन शब्द वाढतात, एवढीच त्याची किंमत आहे.

कायद्याची बाजूही येथे गैरसमजाने झाकली गेली आहे. केवळ ‘कथित’ जोडल्याने बदनामीच्या आरोपातून सुटका होत नाही. १८६० च्या दंड संहितेतील कलम ४९९ मध्ये पर्यायाच्या रूपाने किंवा उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे स्पष्टीकरण होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ३५६ मध्ये ते कायम आहे. ‘“त्या” रात्री नेमके काय घडले?’ यासारखा मथळा, ज्यात ‘त्या’ला अवतरणचिन्हे, शेवटी प्रश्नचिन्ह आणि खाली ‘चर्चांना उधाण’ असा उपमथळा असतो, तो लिहिणाऱ्याला वाटतो तितका सुरक्षित नाही. ‘चर्चांना उधाण’ हाही कर्ता नसलेलाच प्रयोग आहे, कारण चर्चा करणारे कोण, हे त्यात कोठेही येत नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात हे सर्व एकत्र आले. १४ जून रोजी मुंबईत एका तरुण अभिनेत्याचा मृत्यू झाला आणि पुढचे काही महिने वाहिन्यांनी तपास, आरोपपत्र व निकाल ही तिन्ही कामे स्वतःकडे घेतली. खाजगी मोबाइल संवाद पुरावा म्हणून पडद्यावर झळकले. एका वाहिनीने दिवंगत अभिनेत्याच्या नावे दाखवलेली ट्वीट बनावट निघाली; वाहिन्यांच्याच स्वनियमन मंडळाने ऑक्टोबर २०२० मध्ये तिला दंड करून जाहीर माफी मागायला लावली. १८८२ ची पत्रे आठवावीत. तेव्हा खोट्या कागदासाठी माणसे तुरुंगात गेली होती, या वेळी एक लाख रुपयांत भागले. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने, तपास चालू असताना माध्यमांनी खटला चालवल्याने न्यायदानात अडथळा येतो, असे स्पष्ट केले आणि दोन वाहिन्यांचे वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारे असल्याचे नोंदवले. मात्र त्यांच्यावर कारवाई केली नाही. केंद्रीय तपास यंत्रणेने मार्च २०२५ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दाखल केला. या काळात त्या अभिनेत्याच्या मैत्रिणीला सप्टेंबर २०२० मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक होऊन सुमारे महिनाभर तुरुंगात राहावे लागले आणि त्याआधीच पडद्यावर तिचा निकाल लागून गेला होता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एका विख्यात अभिनेत्याच्या मुलाला क्रूझवरील कारवाईनंतर अटक झाली आणि २७ मे २०२२ रोजी त्याच्याविरुद्ध आरोपपत्रच दाखल होणार नाही, असे जाहीर झाले. कोल्हापुरात १८५० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आहे. तेथे किंवा अन्यत्र ज्याला जुने अंक पाहायला मिळतील त्याने या दोन आठवड्यांची पाने शेजारी ठेवून पट्टीने स्तंभ मोजावेत. शब्दांतला कल ओळखायला सराव लागतो, जागेतला कल मात्र सेंटिमीटरमध्ये मोजता येतो.

११ नोव्हेंबर २०२५ रोजी उपचार घेत असलेल्या एका वयोवृद्ध अभिनेत्याच्या निधनाची बातमी अनेक ठिकाणी प्रसिद्ध झाली. श्रद्धांजलीचे संदेशही निघाले आणि कुटुंबीयांना पुढे येऊन ते हयात असल्याचे सांगावे लागले. त्यांचे निधन २४ नोव्हेंबरला, म्हणजे तेरा दिवसांनी झाले. एरवी प्रेयसीपासून पार्टीपर्यंत प्रत्येक गोष्टीला सढळ हाताने लावला जाणारा ‘कथित’ हा शब्द त्या दिवशीच्या बहुतेक मथळ्यांत कोणाला लावावासा वाटला नाही.