खुलासा: भारत बास्केटबॉलमध्ये ऑलिम्पिक खेळलाय की!

टिळकवाडीतल्या चहाच्या गाड्यावर असो नाहीतर निपाणीच्या बसमध्ये, बास्केटबॉलचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच: "आपला पुरुष संघ ऑलिम्पिकला कधी गेलाच नाही." व्हॉट्सअॅपवरही हेच फिरतंय. साफ चूक आहे हे.

१९८० मध्ये मॉस्कोत भारत खेळला. अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून अमेरिकेसह अनेक देशांनी बहिष्कार टाकला. आशियाई विजेता चीनही गेला नाही. रिकाम्या झालेल्या जागांमुळे आपल्याला दार उघडलं, हे मान्यच करायला हवं. सोव्हिएत संघाविरुद्ध आपण हरलो १२१-६५. आपला ६५ हा आकडा बघून हसू नका; तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषाच नव्हती. म्हणजे प्रत्येक बास्केटला फार तर दोन गुण. अजमेर सिंगसारखा खेळाडू त्या संघात होता. सगळे सामने हरलो, १२ संघांत बारावे आलो. त्याच मॉस्कोत हॉकीचं सुवर्ण मिळालं, मग बास्केटबॉल कोण लक्षात ठेवणार?

गोंधळ बहुधा बास्केटबॉलच्या विश्वचषकामुळे होतो. तिथे मात्र पुरुष संघ आजवर पोहोचलेला नाही, तेवढं बोलणाऱ्याचं खरं.

आणि "आपण कायम तळाला" हेही अर्धवटच. १९७५ च्या आशियाई बास्केटबॉल स्पर्धेत बँकॉकला आपण चौथे होतो. २०१४ मध्ये वुहानला, चीनच्याच मैदानावर, चीनला ६५-५८ असं हरवलं. पुढच्या वेळी गाड्यावर वाद रंगला की हा स्कोर सांगा, आणि चहाचे पैसे त्यालाच द्यायला लावा.