लसूण आणि गॅमा किरण

कोबाल्ट-६० सारख्या किरणोत्सारी स्रोतातून निघणारे गॅमा किरण लसणावर सोडले, की परिणाम काय होणार हे मात्रेवर ठरते. मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. १ ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल ऊर्जा. नवे वाण काढायचे असेल तर लावणीच्या पाकळ्यांना जेमतेम काही ग्रे पुरतात. साठवणीतल्या मालाला कोंब फुटू नयेत म्हणून मात्र ३० ते १५० ग्रे देतात. ही दोन कामे एकमेकांच्या अगदी उलट आहेत, आणि बातम्यांत त्यांचीच गल्लत होते.

लागवडीच्या लसणाला सहसा बी धरत नाही. पाकळीतून पाकळीच वाढते. त्यामुळे संकराची वाट जवळपास बंद, आणि गुणसूत्रांत फेरफार घडवणारे किरण संशोधकांना हवेसे वाटतात. किरण दिलेली पाकळी उशिरा उगवते. मात्रा वाढेल तशी झाडांची मर होते, उंची व पानांची संख्या घटते, पाने अरुंद, मुरडलेली किंवा पांढऱ्या पट्ट्यांची निघतात. गड्ड्याचे नुकसान यातूनच होते. माळव्यात लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोकतात. थंडी सरून दिवस मोठा होऊ लागला की गड्डा भरतो. तोवर पाने पुरेशी झाली नसतील तर गड्डा लहान राहतो, पाकळ्या कमी पडतात. अगदी कमी मात्रेने वाढ सुधारल्याची निरीक्षणे आहेत, पण ती वाणागणिक बदलतात. त्यावर शेतकऱ्याने भिस्त ठेवू नये.

पहिल्या वर्षी दिसलेला मोठा गड्डा म्हणजे नवे वाण नव्हे. कोंबाच्या टोकाशी अनेक पेशी असतात आणि बदल त्यांतल्या एखादीतच होतो, म्हणून झाड मिश्र निघते. पाकळ्या वेगळ्या लावून काही पिढ्या निवड केल्यावरच गुण स्थिरावतो.

इंदूरच्या मराठी घरांत वर्षाचा लसूण उन्हाळ्यात चोइथराम मंडीतून येतो आणि पावसाळा सरता सरता कोंबारतो. सुप्तावस्था, म्हणजे काढणीनंतर कोंब न फुटण्याचा काळ, संपण्यापूर्वी किरण दिले तर कोंबाच्या वाढत्या पेशी मरतात. उशीर झाला, तर पाकळी उभी चिरल्यावर आतला कोंब तपकिरी, वाळलेला दिसतो. खायला अपाय नाही, पण गिऱ्हाईक नाक मुरडते. असा लसूण किरणोत्सारी होत नाही. नाशिकजवळच्या लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला, शेतमालाला किरण देणारा 'कृषक' प्रकल्प गॅमा किरणांवरच चालतो. इंदूरला मंडीच्या आवारात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची जी सोय आहे, ती इलेक्ट्रॉन झोताची. हा झोत मालात काही सेंटिमीटरच शिरतो. गॅमा किरण भरलेले पोते आरपार भेदतात.

साठवणीसाठी किरण दिलेला लसूण बियाण्याला चालत नाही. पाकिटबंद असेल तर त्यावर किरण दिल्याची खूण, म्हणजे हिरवे 'राडुरा' चिन्ह, असणे बंधनकारक आहे; लावणीसाठी पाकळ्या घेताना ते पाहावे.