पडद्यावरची चिनी बाई आणि तिच्यामागचे कायदे

हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांत चिनी बाई बहुतेकदा दोनच रूपांत भेटते. एक गोऱ्या पुरुषावर जीव ओवाळून टाकणारी, सोशिक आणि शेवटी मरणारी. दुसरी लांब नखांची, कपटी, पुरुषाला जाळ्यात ओढणारी. पटकथाकारांच्या आधी हे साचे कायद्याने पाडले होते. वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या आशियाई स्त्रियांना १८७५च्या पेज कायद्याने अमेरिकेत बंदी केली. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक चिनी बाईवरच तो संशय घेतला गेला. १८८२मध्ये चिनी मजुरांनाही दार बंद झालं आणि ते १९४३पर्यंत बंद राहिलं. त्यामुळे बहुतेक अमेरिकन प्रेक्षकांच्या शेजारात चिनी बाई नव्हतीच. होती ती पडद्यावरची.

याची सर्वांत मोठी झळ अभिनेत्री ॲना मे वाँगला बसली. ती १९०५ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, लाँड्री चालवणाऱ्या बापाची मुलगी. १९२२च्या ‘द टोल ऑफ द सी’ या रंगीत मूकपटात ती नायिका होती. त्यात गोऱ्या नवऱ्याच्या अमेरिकन बायकोच्या हाती मूल सोपवून ती समुद्रात जीव देते. पुढेही गुलाम मुली आणि सूड घेणाऱ्या बायकाच वाट्याला येत राहिल्या. १९२८मध्ये ती युरोपात निघून गेली. पडद्यावरचा चिनी माणूस नेहमी खलनायकच का, असं तिने १९३३मध्ये एका मुलाखतीत उघड विचारलं होतं.

उत्तर काही अंशी नियमावलीत होतं. १९३४पासून कडक झालेल्या हेज संहितेने, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याच्या हॉलिवूडच्या नियमांनी, गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध दाखवायला मनाई केली होती. स्टुडिओंनी हा नियम आशियाई माणसांपर्यंत ताणला. कॅलिफोर्नियात तर गोऱ्यांचं चिनी वंशाच्या माणसाशी लग्न १९४८पर्यंत बेकायदाच होतं. गोऱ्या नायकाशी प्रेम जुळणार नसेल, तर बाईला नायिका करायचं कसं?

मग १९३७चा ‘द गुड अर्थ’ आला. चीनमधल्या शेतकरी कुटुंबाची कथा, म्हणजे वाँगसाठी यापेक्षा योग्य संधी शोधून सापडली नसती. पण नायक वाँग लुंगचं काम पॉल म्यूनी या गोऱ्या नटाकडे गेलं आणि त्याची बायको ओ-लान झाली जर्मनीत जन्मलेली लुईझ रायनर. ॲना मे वाँगपुढे ठेवली गेली लोटसची भूमिका, घर उद्ध्वस्त करणाऱ्या दुसऱ्या बाईची. तिने ती नाकारली. रायनरला ऑस्कर मिळालं. मला यात वर्णद्वेष आणि स्त्रीद्वेष वेगळे काढताच येत नाहीत. चिनी सोशिकपणा गोरी नटी करू शकत होती, चिनी नटीसाठी उरला फक्त मोह.

त्याच काळात एक बाई या भिंतीपलीकडे गेली होती, स्वतःला लपवून. मर्ल ओबेरॉन १९११ साली मुंबईत जन्मली, अँग्लो-इंडियन घरात. जन्म टास्मानियातला असल्याचं ती जवळजवळ जन्मभर सांगत राहिली. तिला आई म्हणून वाढवणाऱ्या सावळ्या आजीची, शार्लटची, ओळख ती पाहुण्यांना मोलकरीण म्हणून करून देई, असं सांगतात. १९३५च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. तिच्या मुळाची हकीकत सर्वांना कळली ती १९७९मध्ये ती गेल्यानंतर.

म्हणूनच २०२३मध्ये मलेशियन अभिनेत्री मिशेल योला त्याच विभागात नामांकन मिळालं, तेव्हा बातम्यांना शब्द जपून वापरावे लागले: स्वतःची ओळख आशियाई म्हणून सांगणारी पहिली अभिनेत्री.