शस्त्रक्रियेतील रुग्णस्थिती व स्थलांतर

शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला टेबलावर ठरावीक पद्धतीने निजवणे आणि ट्रॉलीवरून टेबलावर व पुन्हा ट्रॉलीवर इजा न होता हलवणे. झोपेतही हात अवघडला की माणूस कूस बदलतो. पूर्ण भुलीत वेदनेची जाणीव आणि स्नायूंचा ताण दोन्ही गेलेले असतात. त्यामुळे दबलेल्या नसेची तक्रार रुग्ण शुद्धीवर आल्यावरच कळते.

सर्वांत नेहमीची इजा कोपराची. तिथे आतल्या बाजूला अल्नार मज्जातंतू हाडालगत, जवळजवळ कातडीखालूनच जातो. तो दबला की करंगळी बधिर होते. म्हणून आर्मबोर्डवर (टेबलाला जोडलेल्या, हात ठेवायच्या फळीवर) तळवा वर ठेवून कोपराखाली मऊ गादी देतात. हात ९० अंशांपेक्षा जास्त फाकवत नाहीत, नाहीतर खांद्याजवळचे मज्जातंतूंचे जाळे ताणले जाते. उताण्या रुग्णाच्या टाचा, माकडहाड आणि डोक्याची मागची बाजू जपावी लागते. पालथ्या रुग्णाच्या बाबतीत डोळ्यांवर दाब नाही ना आणि पोट मोकळे आहे ना, हे पाहतात. नेत्रगोलावर दाब राहिल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

लिथॉटॉमी स्थितीत पाय वर उचलून आधारांत ठेवतात. मूत्राशयातील खडा काढण्यासाठी ही स्थिती पूर्वापार वापरात आहे. आज प्रसूती, स्त्रीरोग आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांत ती रोजची. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आधाराचा दांडा रुतला तर पेरोनियल मज्जातंतू दबून पाऊल लोंबते. दोन्ही पाय दोघांनी एकाच वेळी उचलायचे आणि सावकाश, एकत्रच खाली आणायचे. एकेक पाय हलवला तर कंबर पिळवटते, घाईने खाली आणले तर रक्त पायांत उतरून रक्तदाब घसरतो. काही तास पाय वर राहिल्यास पोटऱ्यांचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. टेबलाचा आधी खाली सोडलेला पायाकडचा भाग पुन्हा वर घेताना अंगालगतच्या हाताची बोटे टेबलाच्या सांध्यात चिरडू शकतात. चादरीखाली हात आहे म्हणजे तो सुरक्षित आहे असे मुळीच नाही. चादर उचलून बोटे बघावीत.

जर्मन शल्यविशारद फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग (१८४४–१९२४) यांच्या नावाने ओळखली जाणारी, डोके खाली असलेली स्थिती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत वारंवार लागते. रुग्ण घसरू नये म्हणून खांद्यांना टेकू लावले तर तेच मज्जातंतूंना इजा करतात; न घसरणारी गादी बरी.

स्थलांतराकडे त्या मानाने कमी लक्ष जाते, विशेषतः शस्त्रक्रिया संपल्यावर, जेव्हा पुढची केस बाहेर थांबलेली असते. ट्रॉली टेबलाला भिडवून दोन्हींचे ब्रेक लावतात. डोके, मान आणि श्वासनळी भूलतज्ज्ञाच्या हाती. ‘एक, दोन, तीन’ही त्यांनीच म्हणायचे. दोन्ही बाजूंना आणि पायांकडे माणसे हवीत. ओटीतले (ऑपरेशन थिएटरमधले) अनुभवी मामा, म्हणजे मदतनीस, उचलण्याआधी लघवीची पिशवी, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) आणि सलाइनची नळी कुठे अडकली आहे ते आपणहून पाहतात. अंगाखालची चादर ओढत नेल्यास कातडी घासून सोलवटते, म्हणून रुग्णाला सरकवायची गुळगुळीत सरकफळी वापरतात. ट्रॉलीचे दोन्ही कठडे वर करून खिट्टी बसेपर्यंत रुग्णाजवळून कोणी हलत नाही.